झालर

रात्री दोनला तो पाय आपटतो.
एकदा. मग थांबून, पुन्हा.
भिंतीच्या पलीकडे नेस्तर, नऊशे किलोंचा,
अलीकडे मी, मनगटं खाजवत.
वरच्या खोलीत बाबा.
सकाळी म्हणतात, काय वारा सुटला होता रात्री!

ओस्टडाउनकेर्केला, वाळूच्या टेकड्यांमागे आमचं घर.
ओहोटी लागली की बाबा पिवळा मेणकोट चढवतात,
नेस्तरच्या दोन्ही कुशींना वेताच्या पाट्या, मागे जाळं,
आणि दोघं उतरतात उत्तर समुद्रात,
छातीएवढ्या पाण्यातून काठाला समांतर चालतात,
करंगळीच्या पेराएवढ्या करड्या कोळंबीसाठी.
पणजोबांपासून हेच.

नेस्तरच्या पायांवर झालर आहे.
गुडघ्यापासून खुरापर्यंत दाट, पिवळट केस.
परगावचे लोक तिचेच फोटो काढतात.
बाबा दर शनिवारी ती साबणानं धुतात,
भुसा चोळून टिपतात, विंचरतात.
माझी वेणी त्यांनी कधी घातली नाही.

मार्चमध्ये मी त्या झालरीत बोटं घातली.
आत गरम होतं. ओलं.
कातडीच्या वळ्या, वळीच्या पोटात वळी,
खपल्या, आणि खपल्यांखाली
पू नव्हे, पू व्हायच्या आधीचं काहीतरी.
बुटात विसरलेल्या मोज्याचा वास.
नेस्तर हलला नाही.
फक्त त्याचा वरचा ओठ लांब झाला, थरथरला,
सुखानं.

फुर्नेहून डॉक्टरीण आली.
चिकटपट्टी लावली, उचलली, भिंगाखाली धरली.
या, बघा, म्हणाली.
आठ पायांचं काहीतरी चालत होतं, घाई नसल्यासारखं.
घोड्याच्या चार पायांवर मग एकूण पाय किती,
हा हिशेब मी अर्ध्यावर सोडला.

आणि या वळ्या? बाबांनी विचारलं.
त्या रक्तातच आहेत हो, या जातीच्या.
बरं होणार नाही. बरं वाटेल.
झालर उतरवा, गंधकाचं पाणी लावा, पाय कोरडे ठेवा.
कोरडे, बाबा म्हणाले,
आणि खिडकीतून समुद्राकडे बोट दाखवलं.

मीठ सगळं जाळतं, हे त्यांचं वैद्यक.
पहिल्यांदा कोळंबी सोलली त्या संध्याकाळी
माझ्या हातांवर गांधी उठल्या, ओठ सुजले.
कोळ्याच्या पोरीला कोळंबी बाधत नाही, म्हणाले,
जा, समुद्रात हात बुडवून ये.
गेले.
पंचवीस वर्षं जाते आहे.

गुरुवारी रात्री मी मशीन लावलं.
बाबा पागेच्या दारात उभे राहिले. अडवलं नाही.
एक बादली केस, मग दुसरी.
खालून निघालेले पाय म्हाताऱ्याचे होते,
गुलाबी, सुरकुतलेले, लाजल्यासारखे.
बाबा गुडघा मोडून बसले, कुल्ल्याला हात लावून, कण्हत.
ज्या पायांच्या भरवशावर त्यांनी आयुष्यभर लाटा ओलांडल्या
ते पहिल्यांदाच बोटांनी वाचले.
कधीपासून हे?
मला विचारलं की त्याला, कळलं नाही.
मी म्हटलं,
नऊ वर्षांची होते तेव्हापासून.

मशीन बंद केल्यावरही थोडा वेळ गुणगुणत राहिलं कानात.

रविवारी किनाऱ्यावर एक पोर विचारते,
आजोबा, घोड्याची पँट कुठे गेली?
धुवायला टाकलीय.
मग कढईखाली जाळ करताना,
कोळंबी लाल होत असताना,
माझ्याकडे न बघता:
त्या अंगाला उभी राहा, लुटगार्ट,
वाफ इकडे येतेय.

रात्री दोनला नेस्तरनं पाय आपटला.
एकदा.
मी दुसऱ्याची वाट पाहत पडून राहिले.
वर खाट करकरली नाही,
कुणी कूस बदलली नाही,
खोकलंही नाही कुणी.
वारा तर मुळीच नव्हता.